गाण्यात बोलायलंय कोण? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात सहज विचारलं होतं की कुठल्या पॉप गाण्याचा अर्थ अडलाय ते लिहून पाठवा, तर टपाल आणि व्हॉट्सअॅप मिळून एवढं आलं की संपादक म्हणाले ताई आता तुम्हीच निस्तरा. सगळ्यांना जागा नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

लातूर: ताई, मी नीटची तयारी करायलेय. क्लासजवळ रूम करून आम्ही तिघी राहतो. रात्री अभ्यास झाला की टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेची गाणी लावतो आणि मग भांडणं. एक रूममेट म्हणते तिचं प्रत्येक गाणं कुठल्या ना कुठल्या एक्सवरच, म्हणजे जुन्या बॉयफ्रेंडवरच असतं, तिनं वहीच्या मागच्या पानावर लिस्टच केलीय, हे ह्याच्यावर, ते त्याच्यावर. आता 'बेटी' (Betty, मुलीचं नाव) नावाचं गाणं आलं, त्यात टेलर एका मुलीची माफी मागायलीय, तर ही म्हणते बेटी कोण ते शोधावं लागेल. माझं दहावीपर्यंत मराठी मिडियम, मला इंग्रजी गाण्याला वेळ लागतो, पण ही थेअरी काय पटेना. नेमकं बघायचं कसं?

उत्तर: लिस्टवालीला आधी सांग की ती वही बायोलॉजीला ठेव. तशी तिला नुसतं नावं ठेवून चालणार नाही, कारण ही सवय टेलरबाईंनीच लावलीय. 2006 च्या पहिल्या अल्बमपासून 2014 पर्यंत सीडीसोबत गाण्यांची जी पुस्तिका यायची तिच्यात मधलीच काही अक्षरं मुद्दाम कॅपिटल छापलेली असायची, ती एकापुढं एक लिहिली की एक गुपित वाक्य तयार व्हायचं. म्हणजे पोरींना सीआयडी करून ठेवलं तिनंच, आणि आता पोरी सगळीकडंच पुरावे शोधायल्या.

पण 'बेटी'त ती मेहनत वाया जाणार. हे गाणं ज्या अल्बममधलं आहे तो 'फोकलोर', जुलै 2020 ला आला, आणि तो यायच्या आधीच तिनं सांगून टाकलं होतं की यातली तीन गाणी मिळून एका शाळकरी प्रेमत्रिकोणाची गोष्ट आहे. 'कार्डिगन' बेटीच्या तोंडी, 'ऑगस्ट' दुसऱ्या मुलीच्या तोंडी, आणि 'बेटी' हे जेम्स नावाच्या सतरा वर्षाच्या पोराच्या तोंडी. तर त्यात माफी मागायलाय तो जेम्स, टेलर नाही. नावं तिनं मित्राच्या लेकरांची घेतलीत, रायन रेनॉल्ड्स आणि ब्लेक लाइव्हली या नटनटीच्या पोरींची, म्हणजे खरी बेटी शोधायला गेलात तर ती तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली असेल. घ्या माफी.

आता तू विचारलंस बघायचं कसं. हीच दोन गाणी शेजारीशेजारी ठेव, 'बेटी' आणि 'ऑगस्ट', आणि दोन्हींत एक गाडी येते ती बघ. जेम्स सांगतो की मी पायी घरी चाललो होतो, डोक्यात तूच होतीस बेटी, तेवढ्यात ती गाडी घेऊन आली आणि म्हणाली बस, चल. म्हणजे स्वारी निर्दोष! रस्त्यानं सरळ चाललेलं पोरगं, त्याला पाप येऊन चिकटलं. आणि 'ऑगस्ट'मधली ती मुलगी तीच गाडी कशी आठवते? आठवतंय का, मी गाडी थांबवली आणि म्हणाले बस, आणि त्यानंतर मी माझे सगळे प्लॅन कॅन्सल करत राहिले, न जाणो तुझा फोन आला तर. मॉलच्या मागं भेटायचं, कुणाला दिसायचं नाही. घटना तीच, पण त्याच्यासाठी ती घसरगुंडी आहे आणि तिच्यासाठी तोच अख्खा उन्हाळा. जेम्सच्या गाण्यात त्या पोरीला नावसुद्धा नाही, आणि हे आपल्याला कुणी फोड करून सांगत नाही, दोन गाणी ऐकली की आपलं आपल्याला कळतं आणि जेम्सचा राग यायला लागतो. निदान मला तरी येतो. माफी मागायला आलेला माणूस आधी चूक कबूल करतो, पण लगेच गर्दीचं कारण सांगतो आणि वर तू डान्सला दुसऱ्यासोबत होतीस हे काढतो.

अजून एक बघ. जवळजवळ पूर्ण गाणंभर तो जर-तर करत असतो, जर मी तुझ्या पार्टीला आलो तर तू घेशील का मला, की हाकलून देशील. आणि शेवटी पट्टी वर चढते, गाणं एकदम उचलतं, आणि तिथं जर-तर संपतं, तो खरंच दारात आलेला असतो. एवढंच. बेटी काय म्हणाली ते या गाण्यात येतच नाही. ते हवं असेल तर 'कार्डिगन' ऐकावं लागतं, आणि तिथं ती बाई होऊन, बऱ्याच वर्षांनी मागं वळून बोलायलीय की मला माहीतच होतं तू परत येशील.

त्याच अल्बममध्ये आणखी एक गाणं आहे, 'द लास्ट ग्रेट अमेरिकन डायनेस्टी', ऱ्होड आयलंडच्या समुद्राकाठच्या एका मोठ्या घराचं आणि त्यात राहून गेलेल्या रिबेका हार्कनेस या श्रीमंत विधवेचं. सगळं गाणं 'ती'नं चालतं. तिनं असं केलं, तिनं तसं केलं, गावानं नावं ठेवली. आणि शेवटाकडं कळतं की ते घर पन्नास वर्षं शांत पडून होतं आणि मग मी घेतलं. टेलरनं ते घर 2013 ला खरंच विकत घेतलंय. तिथून जे आधी 'तिनं' केलं होतं ते 'मी' केलं असं होतं, ओळ तीच, सर्वनाम फिरलं की लोकांनी टेलरला ठेवलेली नावं आणि त्या बाईला ठेवलेली नावं एकावर एक येऊन बसतात. इथं मात्र 'मी' म्हणजे टेलरच. तर दरवेळी वेगळं असतं, म्हणून दरवेळी बघावं लागतं.

इंग्रजी कच्चं आहे याची काळजी करू नकोस, उलट फायदा आहे, तू हळू वाचशील. चाल बंद करून शब्द वहीत उतरव. प्रत्येक 'मी' आणि 'तू'खाली रेघ मार, कोण ते शेजारी लिही. पहिलं ध्रुवपद आणि शेवटचं ध्रुवपद शब्दाशब्दानं जुळव, बहुतेक चांगल्या गाण्यात शेवटचं जरासं बदललेलं असतं, आणि गोम तिथंच असते. हे झालं की मग जा जीनियससारख्या साइटवर, तिथं ओळीओळीवर टिपा असतात, बहुतेक तुझ्या रूममेटसारख्यांनीच लिहिलेल्या. आणि एक्सची लिस्ट सगळ्यात शेवटी. लागली तर. बहुतेक वेळा लागत नाही.

जालना: गाणी उलटी वाजवली की त्यात सैतानाचे मेसेज ऐकू येतात असं एका व्हिडिओत दाखवलं. खरं का?

उत्तर: काय ऐकायचं ते आधी स्क्रीनवर लिहून दाखवलं की कुणालाही तेच ऐकू येतं. 1969 मध्ये बीटल्स या बँडची गाणी उलटी वाजवून त्यांचा गायक पॉल मॅकार्टनी वारला आणि त्याच्या जागी दुसराच माणूस आहे असं लोकांनी सिद्ध केलं होतं. तो अजून गाऊ लागलाय.

अंबाजोगाई (निवृत्त शिक्षक): आपल्या सदरात पॉप गाण्यांचा अर्थ लावणे चालू आहे हे पाहून नवल वाटले. जिथे अर्थ आहे तिथे तो लावावा. आद्यकवी मुकुंदराजांच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही बडबड काव्य म्हणून कशी पचावी? नातवंडे कानात बोंडे घालून जे ऐकतात ते मी दोनदा ऐकून पाहिले, एकच ओळ वीस वेळा.

उत्तर: गुरुजी, नमस्कार. एकच ओळ वीस वेळा म्हणालात तर भजनात काय वेगळं असतं हो, पण तो वाद नंतर कधीतरी. बरीचशी पॉप गाणी रिकामी असतात हे मान्य, आणि रिकामं गाणं नाचायला चांगलं असतं, त्यात अर्थ घुसडायला जाऊच नये. पण जिथं अर्थ आहे तिथं तो लपवायची रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखीची असणार, कारण ती आपल्या गोदाकाठची आहे.

सातवाहनांची राजधानी पैठण. त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावर जी गाथासप्तशती आहे, महाराष्ट्री प्राकृतातली, तिच्यात एक बाई एका देवभोळ्या माणसाला म्हणते की महाराज, आता खुशाल फिरा, ते कुत्रं तुम्हाला त्रास द्यायचं ना, त्याला आज सिंहानं मारलं, इथंच गोदेकाठच्या झाडीत राहतो तो सिंह. झालं, एवढीच गाथा. वरून बघितलं तर बाई धीर द्यायलीय. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या झाडीत पाय ठेवेल का? तिला तो तिथं नकोच आहे, कारण ती जागा तिची आणि तिच्या माणसाची भेटायची आहे. आता यातलं शेवटचं वाक्य गाथेत कुठंच नाही बरं का. प्रियकराचा शब्द नाही, येऊ नका असं नाही, उलट खुशाल फिरा म्हटलंय. नवव्या शतकात काश्मिरात बसून आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त हीच गाथा उदाहरणाला घेतली, बोललं एक आणि निघालं त्याच्या उलटं ते दाखवायला. म्हणजे काव्यशास्त्रातलं एक गाजलेलं उदाहरण आपल्या नदीच्या काठावरच्या एका चालू बाईचं आहे (चालू म्हणजे हुशार या अर्थी, संपादकांनी काटू नये).

आणि भारूड. नाथषष्ठीला पैठणला गेला असालच. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' सुरू झालं की मांडव हसायला लागतो. तुळजापूरच्या आईला ही सून नवस काय बोलते तर सासरा गावाला गेलाय त्याला तिकडंच खपव, सासू जाच करते तिला उचल, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, आणि नवऱ्याचाही नंबर लागतोच. बायका तर तोंडाला पदर लावून हसतात, कारण प्रत्येकीच्या मनातलं असतं थोडंफार. आणि शेवटी 'एका जनार्दनी' म्हणून सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला, तिथं भारूड फिरतं. सासर राहत नाही, संसाराची बेडी राहते. आता नाथांच्या घरी सासू-सुनेचं पटत नव्हतं का, असं कुणी पैठणात विचारतं का? 'मी' म्हणजे नाथ नाहीत हे अक्षरओळख नसलेल्या आजीला पण कळतं. त्याच आजीची नातसून मोबाइलवर गाणं ऐकते आणि म्हणते हे गायिकेच्या ब्रेकअपचं आहे.

तर गुरुजी, अर्थ लावायची सवय आपल्याकडं आहेच, ती कानात बोंडं घातली की आपण काढून ठेवायलो. नातवंडांना ते वीस वेळावालं राहू द्या, 'ऑगस्ट' आणि 'बेटी' लावायला सांगा, वर लातूरच्या पोरीला लिहिलंय ते वाचून. आणि नाही आवडलं तर मला परत पत्र टाका, तुमचं अक्षर फार सुंदर आहे.

नांदेड: माझा प्री-वेडिंग शूटचा धंदा आहे, गोदावरीचा घाट, कंधारचा किल्ला वगैरे. एका पार्टीला व्हिडिओला 'एव्हरी ब्रेथ यू टेक' पाहिजे. नवरदेवाचा भाऊ पुण्यात आयटीला आहे, तो म्हणतो हे गाणं लग्नाचं नाही. चाल तर एकदम रोमँटिक आहे. काय करू?

उत्तर: भाऊ बरोबर आहे. 1983 चं 'द पोलिस' या बँडचं गाणं, लिहिणारा स्टिंग, अमेरिकेत आठ आठवडे एक नंबरला होतं. त्यानं लिहिलं तेव्हा त्याचं पहिलं लग्न मोडत आलेलं, आणि त्यानं स्वतः कितीदा सांगितलंय की हे गाणं पाळत ठेवणाऱ्या, मत्सरानं पेटलेल्या माणसाचं आहे. पण तो सांगतो म्हणून नको, शब्द बघा ना. तुझा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल, तू मोडलेलं प्रत्येक वचन, मी बघत राहणार. तू माझीच आहेस हे तुला दिसत कसं नाही. पूर्ण गाण्यात तिला काय पाहिजे याची एक ओळ नाही. ती कुठं गेली, का गेली, काही नाही, नुसता हा बघतोय. गिटार पण ऐका, मधला एक तुकडा सोडला तर तेच ते फिरत राहतं, जागा सोडायला तयार नाही, त्यालाच आपण रोमँटिक म्हणायलो. असला माणूस नवरीच्या गल्लीत उभा राहिला तर तिचे भाऊ काय करतील ते तुम्हाला माहीत आहे.

आणि याच्या बदल्यात 'आय विल ऑलवेज लव्ह यू' टाकू नका, लोक तेच टाकतात. व्हिटनी ह्यूस्टनचं 1992 चं सगळ्यांना माहीत आहे, पण मूळ गाणं डॉली पार्टनचं, 1974 ला आलेलं. पोर्टर वॅगनर नावाच्या गायकाच्या टीव्ही शोमध्ये ती कितीतरी वर्षं होती, तिला बाहेर पडून स्वतःचं काहीतरी करायचं होतं, तो ऐकेना, तेव्हा भांडण न करता निरोप घ्यायला तिनं हे लिहिलं. मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून निघते, तुझं भलं होवो. निघालेल्या माणसाचं गाणं आहे ते. पाठवणीला मात्र एकदम फिट बसेल, तिथं लावा आणि कॅमेरा नवरीच्या बापावर ठेवा.

पार्टीला नाराज करायचं नसेल तर मराठीत चार ओळींत अर्थ लिहून नवरीला व्हॉट्सअॅप करा. नवरदेवाला नको, नवरीला.

परभणी: ताई, पोरगं नववीत आहे. त्याच्या मोबाइलवर एमिनेम नावाच्या माणसाचं गाणं सापडलं, त्यात शिव्या आहेत, बाई किंचाळल्याचा आवाज आहे, गाडी पाण्यात पडते. मला इंग्रजी जेमतेम कळतं तरी अंगावर काटा आला. फोन काढून घेतलाय. चूक केलं का?

उत्तर: दादा, फोनचं तुमच्या घरचं तुम्ही बघा, नववीतल्या पोराचा फोन काढून घ्यायला दुसरी शंभर कारणं असतात. गाण्यापुरतं बोलते. तुम्ही सांगताय ते 'स्टॅन' असणार, 2000 सालचं. ते गाणं वेडाला खतपाणी घालत नाही, उलट आहे.

चार कडवी आहेत. पहिल्या दोन कडव्यांत स्टॅन नावाचा एक चाहता एमिनेमला पत्र लिहितो, मागं पाऊस आणि कागदावर पेन्सिल घासल्याचा खरखर आवाज येत राहतो तो ऐका. पहिल्या पत्रात गोड आहे, माझ्या खोलीत सगळीकडं तुझीच पोस्टरं, लेकीचं नाव काय ठेवू ते पण तुझ्यावरून. दुसऱ्यात चिडलाय, उत्तर का देत नाहीस. तिसऱ्यात पेन्सिल बंद, तो गाडीत आहे, कॅसेटवर बोलून ठेवायलाय, डिकीत त्याची गरोदर गर्लफ्रेंड कोंडलेली. शिव्या आणि किंकाळी तिथली. आणि चौथ्या कडव्यात पहिल्यांदा एमिनेम स्वतः बोलतो, उत्तर लिहितो, एकदम शांत, बाबा उशीर झाला सॉरी, तू कुणाला तरी दाखव, गर्लफ्रेंडला जप, माझी गाणी एवढी खरी धरू नकोस. लिहिता लिहिता त्याला बातमी आठवते की कुणीतरी असाच पुलावरून गाडी घालून मेला, आणि तेव्हा त्याला कळतं तो कोण होता.

म्हणजे गाण्यातल्या 'मी'ला खरा धरून बसलं की काय होतं यावरच ते गाणं आहे. पोराला विचारा की चौथ्या कडव्यात कोण बोलतंय. त्याला सांगता आलं तर त्यानं गाणं ऐकलंय. नुसत्या शिव्या पाठ असतील तर मग फोन राहू द्या तुमच्याकडंच.

शिव्या असलेल्या गाण्यापुढं स्पॉटिफाय, अॅपल म्युझिकवर बारीक चौकोनात इंग्रजी ई असतं, सेटिंगमध्ये जाऊन तसली गाणी बंद करता येतात. ही भानगड 1985 पासूनची आहे, अमेरिकेत काही नेत्यांच्या बायकांनी आवाज उठवला आणि रेकॉर्डवर आईबापांसाठी इशाऱ्याचं लेबल आलं. ते लेबल शब्द मोजतं. कडवं कुणाच्या तोंडी आहे ते त्याला कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

छत्रपती संभाजीनगर: मी एमए इंग्लिश करायलेय. आमच्या सरांचं म्हणणं लेखक काय म्हणतो ते महत्त्वाचं नाही. पण गायकानंच सांगितलं की गाण्याचा अर्थ हा, तर विषय संपला नाही का?

उत्तर: सर परीक्षेपुरतं म्हणत असतील तर तेच लिही. माझं विचारशील तर गायकाचा शब्द एका साक्षीदाराचा शब्द धरावा, जवळचा साक्षीदार, पण साक्षीदारच. स्टिंगचं मी मानते कारण गाण्यातला शब्दन् शब्द त्याच्या बाजूनं उभा राहतो. मायकल जॅक्सननं 1988 च्या आत्मचरित्रात लिहिलं की त्याच्या 'बिली जीन' या गाण्यातली खरी बाई कुणी नव्हती, भावांच्या मागं लागणाऱ्या पोरी बघून ते सुचलं. बरं, मानलं, पण त्यामुळं गाण्यातल्या माणसाची भीती कमी होते का? तो शपथेवर सांगतो लेकरू माझं नाही, आणि त्याच दमात त्या लेकराचे डोळे माझ्यासारखे आहेत हे पण बोलून जातो. तिथं मायकल काय म्हणतो याला फार किंमत नाही, गाण्यातला माणूस स्वतःच अडकलाय.

काहीजण तर सांगतच नाहीत. कार्ली सायमनचं 'यू आर सो व्हेन' 1972 चं, तो गर्विष्ठ माणूस कोण म्हणून लोकांनी चाळीस वर्षं डोकं खाल्लं, 2015 ला तिनं सांगितलं की दुसरं कडवं वॉरन बेटी या नटावर आहे, आणि बाकीचे दोघं गुलदस्त्यातच ठेवले. डॉन मॅक्लीनला 'अमेरिकन पाय'चा अर्थ विचारला तर म्हणायचा, याचा अर्थ असा की मला आता जन्मभर काम करायची गरज नाही. तरी त्या गाण्याची सुरुवात कळायला 3 फेब्रुवारी 1959 ची बातमी माहीत असावी लागते, विमान पडून बडी हॉली आणि दोन गायक गेले ती. तेवढी बाहेरची माहिती लागते कधीकधी, नाही असं नाही.

आणि ऐकणारे किती उलटं ऐकू शकतात ते बघायचं तर ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 1984 चं 'बॉर्न इन द यूएसए'. ध्रुवपद मुठी वळवून ओरडायचं, देशभक्तीच वाटणार. कडव्यांत मात्र व्हिएतनामहून परत आलेला शिपाई आहे, भाऊ तिकडंच मेला, कारखान्यात काम मिळेना, सरकारी ऑफिसात गेला तर तिथंही हात वर. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन न्यू जर्सीत म्हणाले की स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे. ध्रुवपद लक्षात राहतं, कडवी निसटतात, सभेत काय नि वरातीत काय. सरांना हे उदाहरण दे, खूश होतील.

उदगीर: वरातीत 'पसूरी' लागलं की आमची अख्खी गल्ली नाचते, पंजाबी एकाला कळत नाही. अर्थ सांगा थोडक्यात.

उत्तर: 2022 चं, पाकिस्तानच्या कोक स्टुडिओचं, अली सेठी आणि शे गिल. भेटायला न येऊ शकणाऱ्या माणसाला म्हटलेलं आहे की तुझ्या त्या मजबुऱ्यांना आग लागो. ही ओळ अलीला एका ट्रकच्या मागं लिहिलेली दिसली होती, तिथून गाणं सुचलं असं तो सांगतो. वरून प्रियकराची तक्रार आहे, पण पाकिस्तानी गायकाला भारतात काम करता येत नाही हे माहीत असेल तर ती मजबुरी कसली हे वेगळं सांगायला नको. नाचा खुशाल, गाणं नाचायलाच केलंय.

सेलू: ताई, कॉलेजातल्या एका मुलीनं रात्री साडेअकराला मला एका गाण्याची लिंक पाठवली. खाली काहीच लिहिलं नाही. मी गाणं खूपदा ऐकलं, शब्द उतरवून काढले, त्याचे चार पानं सोबत जोडलेत. दुसऱ्या कडव्यात 'वाट पाहते' असं आहे. तर गाण्यातली 'मी' म्हणजे ती आणि 'तू' म्हणजे मी, असं धरावं का?

उत्तर: भावा, चारही पानं वाचली. दुसऱ्या कडव्याचं तू केलेलं विश्लेषण चांगलं आहे, एमएवाल्यांना लाजवशील. पण गाणं तिनं लिहिलेलं नाही, लिंक पाठवलीय, आणि लिंकचा अर्थ कडव्यात सापडत नसतो. तिचा नंबर तुझ्याकडं आहे, ती जिवंत आहे, त्याच गावात आहे. गाणं आवडलं म्हणून लिही आणि तुला यातलं काय आवडतं ते विचार. तिनं लांबलचक उत्तर दिलं तर वाच, 'सहज पाठवलं' म्हणाली तर सहजच पाठवलंय असं समज आणि विषय तिथंच सोड, तिच्या प्रत्येक स्टेटसवर नजर ठेवून बसू नकोस, नांदेडवाल्याला काय लिहिलंय ते वर बघ. पानं परत पाठवायलेय, पाकिटावर पिनकोड टाकत जा.